एका मिलिमीटरचा निर्णय



साताऱ्यातली ही व्याख्यानमाला माझ्या सरांच्या स्मरणार्थ चालते. सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे. त्यांच्या गळ्यात दोऱ्याला अडकवलेलं दहापट भिंग असायचं. कुणी रानफूल आणून नाव विचारलं की ते आधी भिंग हातात द्यायचे आणि पुंकेसर मोजायला लावायचे. नावाचं नंतर बघू म्हणायचे. मी पुढे त्यांच्या विषयात राहिले नाही, कॅमेऱ्याकडे वळले. तरी आज जे काम करते त्याची सुरुवात त्या भिंगापाशी झाली आहे. म्हणून आजचा विषय घेतला आहे तो घरच्या बागेत, अगदी जवळून केलेल्या निसर्गछायाचित्रणाचा. त्याला आपण सगळे सरसकट 'मॅक्रो' म्हणतो, मीही तोच शब्द वापरेन.

या छायाचित्रणाबद्दल एक समज सगळीकडे पसरला आहे. लेन्स महाग असली की कीटक मोठा दिसतो, आणि मोठा दिसला की फोटो सुंदर होतो, असं मानलं जातं. प्रदर्शनात फोटोखाली लेन्सचं नाव छापलेलं असतं आणि पाहणारे चित्राआधी ते वाचतात. मोठं करून दाखवण्याचं काम यंत्राचं आहे आणि ते यंत्र चोख करतं, यात शंका नाही. पण या प्रकारात छायाचित्रकाराच्या वाट्याला एक निर्णय येतो, जो त्याच्यासाठी दुसरं कुणीही घेऊ शकत नाही. माझं सगळं बोलणं त्या एका निर्णयाभोवती फिरणार आहे.

थोडं तंत्र सांगावं लागेल. लेन्सनं कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर वस्तूची प्रतिमा वस्तूएवढीच उमटवली, की ते एकास एक प्रमाण झालं. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे या प्रमाणात चौकटीत तेवढंच जग मावतं: तुळशीच्या मंजिरीचा एक तुकडा, किंवा एखादी सातेरी मधमाशी आणि तिच्या भोवतीची थोडी जागा. इथे लेन्सचं छिद्र एफ ८ वर ठेवलं, तर फोटोत जो भाग रेखीव येतो त्याची खोली साधारण एक मिलिमीटर भरते. उडदाच्या पापडाची जाडी तेवढीच असते. तेवढ्या पापुद्र्यात जे सापडलं ते दिसणार, त्याच्या पुढचं आणि मागचं सगळं विरघळणार.

छिद्र बारीक करून ही खोली वाढवता येते, पण फार नाही. एकास एक प्रमाणावर सेन्सरपर्यंत पोचणारा प्रकाश एरवीच्या चौथाईवर आलेला असतो. छिद्र आवळलं की तो आणखी घटतो. वाऱ्यानं पान हललं किंवा आपला हात थरथरला, तर तीही हालचाल प्रतिमेइतकीच मोठी होते, त्यामुळे शटर सावकाश उघडणं परवडत नाही. आणि छिद्र फारच लहान केलं, तर त्याच्या कडांशी प्रकाशाचं विवर्तन होऊन फोटोभर मऊपणा येतो, जो भाग धारदार हवा होता त्याच्यावरही. म्हणून फिरून त्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरांवरच यावं लागतं.

डोंगरदऱ्यांचा फोटो घेताना पायथ्याच्या गवतापासून कड्यापर्यंत सगळं स्पष्ट ठेवता येतं. तिथे काय घ्यायचं आणि काय चौकटीबाहेर ठेवायचं, एवढं ठरवावं लागतं. मॅक्रोमध्ये चौकटीच्या आतसुद्धा बहुतेक सगळं सोडून द्यावं लागतं. कवीला हे लगेच कळेल. सात-आठ मिलिमीटर लांबीच्या जिवाच्या अंगावरचा नेमका कोणता एक मिलिमीटर ठेवायचा? या प्रश्नाचं उत्तर कॅमेऱ्याकडे नसतं. हल्लीचे काही कॅमेरे कीटक आपोआप ओळखतात, तरीही नसतं. का, ते एका अळीच्या आधारानं सांगते.

आमच्या परसात कढीपत्त्याचं झाड आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या दारात असेल. कॉमन मॉरमॉन नावाचं काळं फुलपाखरू त्याच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतं, एका वेळी एकच. अंडं पिवळसर, गोल, जेमतेम मिलिमीटरभर. त्यातून बाहेर आलेली अळी आधी अंड्याचं कवच खाऊन टाकते. मग ती पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर बसून राहते, लपत नाही. तपकिरी अंगावर पांढरे डाग असल्यामुळे ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि पक्षी विष्ठा खात नाही. ती वाढते, कात टाकत जाते, आणि शेवटची कात टाकली की सगळं सोंग बदलतं. अळी हिरवीगार होते, छातीकडचा भाग फुगतो आणि त्यावर दोन डोळे उमटतात. मोठे, गोल, रोखून पाहणारे.

ते डोळे नाहीत. कातडीवरची ती नक्षी आहे. खरं डोकं त्या फुगवट्याच्या पुढे, खाली वळवलेलं असतं, आणि त्याच्या प्रत्येक बाजूला सहा साधे, ठिपक्यांएवढे डोळे असतात. अळीला त्यांतून उजेड आणि अंधुक आकार यांपलीकडे फारसं दिसत नाही.

आता मॅक्रो शिकवणारा प्रत्येक जण पहिला नियम सांगतो: डोळ्यावर फोकस करा. कोणत्या डोळ्यावर? नक्षीच्या डोळ्यांवर फोकस ठेवला, तर पक्ष्याला घाबरवण्यासाठी अळीनं जे सोंग घेतलं आहे ते फोटोत येतं. पाहणाराही पक्ष्यासारखा दचकतो. तो फोटो खोटा नव्हे, त्या अळीच्या आयुष्यात त्या सोंगाला जीवनमरणाचं महत्त्व आहे. पण कॅमेरा तीन-चार मिलिमीटर पुढे आणि खाली नेला, पानाच्या कडेशी समांतर धरला, तर नक्षीचे डोळे मागे दोन हिरवट-काळ्या वर्तुळांत विरघळतात, आणि स्पष्ट होतात ते जबडे. पानाच्या कडेवर वरून खाली, वरून खाली चालणारे. प्रत्येक फेरीत अर्धवर्तुळाकार तुकडा कातरला जातो आणि कापलेल्या कडेवर रसाचा ओला पट्टा चमकतो. हा दुसरा फोटो भुकेचा आहे. मला तो अधिक आवडतो. त्यात अळी स्वतःच्या कामात असते, आपल्यासाठी किंवा पक्ष्यासाठी काही करून दाखवत नसते.

दोन्ही फोटोंत अळी तीच, पान तेच, लेन्सही तीच. फरक तीन-चार मिलिमीटरांचा. आणि हा फरक करायचा, तर ज्याला आपण तोंड समजतो ते तोंड नाही, हे आधी माहीत असावं लागतं. या प्रकारात ज्ञान आणि कला यांचे दोन वेगळे कप्पे करता येत नाहीत, असं मी म्हणते ते यामुळे. जिवाची चर्या ठाऊक नसलेल्या माणसाचा मिलिमीटर नेहमी तिथेच जाऊन पडतो, जिथे रंग सर्वांत भडक असेल.

जवळून पाहण्याची ही ओढ छायाचित्रणाच्या जन्मापासूनची आहे. हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८४० च्या सुमारास सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून कीटकांच्या पंखांच्या प्रतिमा घेतल्या होत्या. पण ज्या दोघांच्या कामाकडे मी पुन्हापुन्हा जाते, ती माणसं विसाव्या शतकातली आहेत, आणि दोघांनीही माझ्या आजच्या मुद्द्याच्या विरुद्ध वाट धरली होती.

पहिले कार्ल ब्लॉसफेल्ट. बर्लिनमध्ये ते कलाविद्यार्थ्यांना वनस्पतींवरून घडण शिकवायचे. वर्गात दाखवण्यासाठी त्यांनी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यानं नेच्यांचे गुंडाळलेले कोंब, खसखशीची बोंडं, देठ आणि कळ्या यांचे फोटो घेतले, काही तर तीसपट मोठे करून. हे काम त्यांनी तीसेक वर्षं केलं. १९२८ साली त्यांतले १२० फोटो 'उरफॉर्मेन डेर कुन्स्ट', म्हणजे 'कलेची आदिरूपं', या नावानं पुस्तकात आले आणि शिक्षक म्हणून आयुष्य काढलेला हा माणूस ६३ व्या वर्षी एकदम प्रसिद्ध झाला. वाल्टर बेन्यामिनसारख्या विचारवंतानं त्या पुस्तकावर लिहिलं. नेच्याच्या कोंबात बिशपच्या दंडाचं वळण, अंकुरात लोखंडी कठड्याची नक्षी. पार्श्वभूमी साधी, प्रकाश सारखा, एकेका झाडाचा एकेक अवयव सुटा काढलेला. त्यासाठी ते पानं-पाकळ्या छाटूनही घेत.

दुसऱ्या इमोजेन कनिंगहॅम. कॅलिफोर्नियात ओकलंडला त्या राहत होत्या, घरात तीन लहान मुलगे, त्यांतले दोघे जुळे. त्यांना टाकून लांब जाता येत नव्हतं, म्हणून त्यांनी घराच्या बागेतली झाडं-फुलं टिपायला घेतली. १९२५ चं त्यांचं 'मॅग्नोलिया ब्लॉसम' आज छायाचित्रणाच्या इतिहासात मानाच्या जागी आहे: पाकळ्यांनी चौकट भरून गेलेली, आणि मधोमध केसरांचा उभा शंकू. पुढे १९३२ मध्ये एडवर्ड वेस्टन, अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्यासह त्या ज्या गटात सामील झाल्या, त्याचं नावच 'एफ ६४' होतं. मोठ्या कॅमेऱ्याचं अगदी बारीक छिद्र. चौकटीतलं सगळं स्पष्ट असलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

या दोघांची मी ऋणी आहे. विशेषतः कनिंगहॅम यांची, कारण संसारात अडकलेल्या बाईला परसात जागतिक दर्जाचं काम करता येतं, याचा तो धडधडीत पुरावा आहे. पण मॅग्नोलियाचं फूल घरात आणून ठेवता येतं आणि शटर हवं तेवढा वेळ उघडं ठेवता येतं. अळी, माशी, कोळी यांच्याबाबत ही सवलत नाही. जिवंत, हलत्या जिवापुढे सगळं स्पष्ट ठेवण्याचा आग्रह टिकत नाही, निवडावंच लागतं. तिथून आपली वाट त्यांच्यापासून वेगळी होते.

हे काम बागेतच का करायचं? जंगलात का नको? आपल्याकडे निसर्गछायाचित्रण म्हटलं की ताडोबा आठवतं, जिप्सी आठवते. त्या छायाचित्रणाला मी कमी लेखत नाही. पण सफारीची वेळ ठरलेली असते, आणि आज दिसलेला प्राणी उद्या तिथेच असेल याचा भरवसा नसतो. बागेत ओळख वाढवता येते. कोणत्या खांबावर चतुर परतून बसतो, संध्याकाळी निळ्या पट्ट्यांच्या माशांचे नर कोणत्या वाळक्या काडीला जबड्यानं धरून ओळीनं झोपतात, कोणत्या कोपऱ्यात कुंभारीण माशीनं मातीची घागर बांधायला घेतली आहे, हे रोजच्या येण्याजाण्यात कळतं. एकदा हे कळलं की मिलिमीटर कुठे ठेवायचा ते हातात कॅमेरा नसतानाही ठरवता येतं. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र'मध्ये महिन्यामहिन्यानं पाहण्याची जी रीत मराठीला दिली, तीच कॅमेऱ्यालाही लागू आहे.

आणि बाग लहान आहे म्हणून त्यात काही नसेल, ही शंका इंग्लंडमधल्या जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी कायमची मिटवली आहे. लेस्टर शहरातल्या आपल्या घराच्या साध्या बागेत त्यांनी १९७२ ते २००१ अशी ३० वर्षं नोंदी ठेवल्या. भाजीचे वाफे, फुलझाडं, हिरवळ, सगळं चारचौघांसारखं. त्या बागेत त्यांना एकूण २,६७३ जाती आढळल्या, त्यांतल्या १,९९७ कीटकांच्या. फ्रान्समध्ये झाँ-आन्री फाब्र यांनी १८७९ मध्ये सेरिन्याँ गावाबाहेर दगडगोट्यांची एक पडीक जमीन विकत घेतली आणि १९१५ साली मृत्यू येईपर्यंत तिथेच गांधीलमाश्या, शेणकिडे, कोळी पाहत राहिले. कीटकांच्या आठवणींचे त्यांचे दहा खंड आहेत, आणि वडिलांच्या त्या लेखनासाठी कीटकांचे फोटो काढले ते मुलानं, पॉलनं.

परदेशातली नावं घेते आहे, पण या परंपरेतला एक मोठा माणूस इथला, साताऱ्यातच जन्मलेला आहे. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, जन्म १८५१. मीठ आणि कस्टम खात्यात नोकरी. 'ईएचए' या सहीनं ते लिहायचे. १८८३ चं त्यांचं 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक बंगल्यात आणि बंगल्याभोवती राहणाऱ्या पाली, उंदीर, मुंग्या, कावळे, फुलपाखरं यांच्याबद्दल आहे. त्याच वर्षी मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्या आठांत एटकेन होते. व्हरांड्यात बसून केलेल्या निरीक्षणाला शास्त्राच्या बैठकीत जागा मिळू शकते, हे या मातीत तेव्हाच सिद्ध झालं होतं. साताऱ्यात त्यांचं नाव आज फारसं कुणाच्या तोंडी नाही, याची मला खंत वाटते.

आता प्रकाशाबद्दल थोडं सांगते, कारण मिलिमीटर ठरवला तरी तो उजळायचा कसा हे उरतंच. ढालकिड्याचं उदाहरण घ्या. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला हा किडा शेतकऱ्याच्या ओळखीचा, मावा खाणारा मित्रकीटक. त्याच्या पाठीला गोल, चकचकीत वळण असतं, त्यामुळे समोर जे असेल ते सगळं तिथे उमटतं. उघडा फ्लॅश मारला तर पाठीवर एक जळका पांढरा ठिपका पडतो, आणखी एक ठिपका असावा तसा, आणि खालचा रंग कायमचा जातो. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर धरला आणि तो किड्याच्या जितका जवळ आणता येईल तितका आणला, तर त्या ठिपक्याचं एका रुंद, मऊ उजेडात रूपांतर होतं आणि पाठीची गोलाई दिसू लागते. कागद बारीकसाच असला तरी सात मिलिमीटरच्या किड्याच्या मानानं तो आभाळाएवढा असतो, म्हणून हे साधतं. ढगाळ सकाळी तर हेही लागत नाही. भाद्रपद-आश्विनातल्या सकाळी, ऊन चढायच्या आत, कीटक थंडीनं सुस्त असतात आणि वारा पडलेला असतो. तीच वेळ कामाची.

ढालकिड्याच्या शेजारी, त्याच माव्याच्या आशेनं आलेल्या आणखी एका जिवाकडे लक्ष द्या. शेतीखात्याच्या पुस्तिकांत त्याला क्रायसोपर्ला म्हणतात. हिरवा, नाजूक, जाळीदार पंखांचा, रात्री दिव्यावर येणारा. त्याची मादी पानाला पोटाचं टोक टेकवते, द्रवाचा थेंब सोडते आणि पोट वर उचलते. द्रव ताणला जाऊन हवेत कडक होतो, केसाहून बारीक दांडा तयार होतो, आणि त्याच्या टोकावर ती एक अंडं ठेवते. मग शेजारी दुसरा दांडा. पानाखाली अशी पाच-सहा पांढरी अंडी हवेत तरंगत असतात. मुंग्यांना ती सहजी सापडत नाहीत, आणि आधी फुटलेल्या भुकेल्या अळीला शेजारचं भावंड खाता येत नाही. जपानात लोक या अंड्यांना उदुंबराचं दिव्य फूल समजत आले आहेत. आपल्याकडे क्वचित दिसणाऱ्या माणसाला उंबराचं फूल म्हणतात, त्याची आठवण होतेच. खऱ्या उंबराची फुलं फळाच्या आत असतात, शेकड्यांनी, आणि फळ चिरून भिंगाखाली धरलं तर कुणालाही दिसतात.

या अंड्यांचा फोटो घेताना डोळ्याचा नियम काहीच मदत करत नाही. अंडी वेगवेगळ्या खोलीवर असतात. मिलिमीटरमध्ये एखादंच सापडतं. सगळी एका रेषेत आणायचा खटाटोप मी करत नाही. मी सहसा दांड्यावर फोकस करते, अंड्यावर नाही, जिथे दांडा पानाला चिकटलेला असतो तिथे. तिथे वाळलेल्या द्रवाची इवलीशी चकती दिसते. मादी तिथे टेकली होती, याची ती खूण आहे. अंडी वर अंधुक पांढरी राहतात. काही परीक्षकांना हा फोटो चुकलेला वाटतो. मला वाटत नाही.

इथे कुणी म्हणेल की आता फोकस स्टॅकिंग आलं आहे. एकाच विषयाचे थोडथोड्या अंतरावर फोकस केलेले अनेक फोटो घ्यायचे आणि संगणकावर त्यांचे स्पष्ट भाग जोडायचे. मग मिलिमीटरचं बंधन उरतं कुठे? हे खरं आहे. लेव्हॉन बिस यांचं 'मायक्रोस्कल्प्चर' हे प्रदर्शन २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या निसर्गेतिहास संग्रहालयात भरलं. संग्रहालयातले कीटक त्यांनी असे टिपले की एकेका चित्रासाठी आठ-दहा हजार फोटो जोडले आहेत. भुंग्याच्या कवचावरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक केस दिसतो. ते काम थोर आहे. जात ओळखण्यासाठी, शरीररचना शिकवण्यासाठी स्टॅकिंगसारखं साधन नाही. पण ते मेलेल्या, टाचणीवर लावलेल्या नमुन्यांचं चित्रण आहे. आणि बागेतल्या जिवंत माशीचा जोडून केलेला फोटो पाहताना माझी नजर कुठेच थांबत नाही. शिंगांपासून पायाच्या नखापर्यंत सगळ्याला सारखाच मान दिलेला असतो. कुणी तरी तिथे उभं राहून काही ठरवलं, असं जाणवत नाही. माणसाची पसंती दिसली की तो फोटो मला जवळचा वाटतो.

स्टॅकिंगच्या आग्रहातून एक वाईट चाल सुरू झाली आहे, तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. कीटक हलू नये म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवायचं, बधिर करायचं, पाय चिकटवायचे. दव दिसावं म्हणून ग्लिसरीनचं पाणी फवारायचं. कोष तोडून आणून सोयीच्या काडीवर बांधायचा. ते फोटो बक्षिसं मिळवतात आणि नवी मुलं त्यांच्याकडून शिकतात. कोष जाग्यावरून काढला, त्याला आधार देणारा रेशमाचा पट्टा तुटला, तर आतलं फुलपाखरू नीट बाहेर येईलच असं नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना यातलं काहीही करू देत नाही. मॉरमॉनच्या अळीला डिवचलं की ती मानेतून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. फोटोसाठी तिला काडीनं टोचणारे लोक आहेत. तिच्या अंगावर मुंगी चढेपर्यंत थांबावं. मुंगी चढतेच. तेव्हा शिंगाचा फोटोही मिळतो आणि ते कशासाठी आहे हेही चौकटीत येतं.

अशा थांबण्यातून शास्त्राच्या पदरातही भर पडते. घराच्या भिंतीवर माशा टिपत फिरणारा उडी मारणारा कोळी सगळ्यांनी पाहिला आहे. त्याला आठ डोळे, त्यांतले पुढचे दोन मोठे, आणि तो वळून सरळ लेन्सकडे पाहतो. त्या दोन डोळ्यांच्या मागे आत लांब नळ्या असतात. बाहेरून डोळा जागचा हलत नाही, आत नळीच्या टोकाचा दृष्टिपटल हलतो, आणि त्यामुळे मॅक्रोमधून डोळ्याचा रंग गडद-फिका होताना दिसतो. डोळ्यावर फोकस करण्याचा नियम इथे शंभर टक्के खरा ठरतो. चेहऱ्याला समांतर राहून दोन्ही डोळे एका मिलिमीटरात बसवायचे. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरातून या कोळ्यांची एक जात शास्त्राला नव्यानं माहीत झाली. तिचं नाव ठेवलं आहे 'इसियस तुकारामी', २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात कसाबची बंदूक धरून ठेवत हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. ओंबळे याच सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे. नवी जात शोधायला दर वेळी दूरच्या अरण्यात जावं लागत नाही, हे सांगताना मला या कोळ्याची आठवण नेहमी होते.

व्याख्यान संपल्यावर कॅमेरा कोणता घ्यावा हे हमखास विचारलं जातं, म्हणून आत्ताच सांगते. आहे तोच वापरा. ५० मिलिमीटरची साधी लेन्स असेल तर तिच्या मागे एकूण ५० मिलिमीटरच्या एक्स्टेंशन ट्यूब लावल्या की एकास एक प्रमाण मिळतं; त्या ट्यूबमध्ये काच नसते, त्यामुळे त्या स्वस्त असतात. जुनी लेन्स असेल तर रिव्हर्स रिंगनं उलटी लावून पाहा. मोबाइलवर चिमट्याची लेन्सही चालते. पैसे उरले तर झाडं आणा: कढीपत्ता, लिंबू, तुळस. कुंपणाला रुई आपोआप उगवली तर ठेवा, तिच्यावर पिवळा मावा येतो आणि माव्यामागे सगळी फौज येते. एकदांडी तण म्हणून उपटू नका. तिचं एक फूल भिंगाखाली धरलंत, तर ते अनेक फुलांचा गुच्छ असल्याचं दिसेल, कडेची पांढरी वेगळी आणि मधली पिवळी वेगळी. कीटकनाशकाची बाटली मात्र बागेपासून दूर ठेवा.

जूनमध्ये मृग लागेल. पहिल्या पावसानंतर मृगाचे किडे मातीवर फिरायला लागतील, मखमली तांबडे. त्यांना आठ पाय असतात, म्हणून ते कीटकांपेक्षा कोळ्यांच्या जवळचे. ती मखमल म्हणजे अंगभर उगवलेले दाट केस. वरून उभ्यानं फोटो घेतलात तर फक्त लाल गोळा येईल. जमिनीवर आडवे व्हा, लेन्स मातीला टेकवा, आणि मिलिमीटर पुढच्या दोन पायांवर ठेवा. ते पाय तो चाचपण्यासाठी पुढे उचलतो. एक्स्पोजर नेहमीपेक्षा थोडं कमी ठेवा, कारण इतका गडद लाल रंग सेन्सरला झेपत नाही आणि केस त्यात बुडून जातात. अंगाखाली घ्यायला एखादं जुनं पोतं बरोबर असू द्या, माती ओली असेल.